पटावरची जोडी, पडद्यावरची जोडी

२०२० च्या जूनमध्ये आमच्या घरात दोन दिवस चुटकीशिवाय दुसरा विषय नव्हता. टाळेबंदीमुळे दुकानाला कुलूप होते आणि मी ओसरीवर मशीन मांडून कापडी मास्क शिवत होतो. नात तेव्हा सात वर्षांची. तिच्या बापाच्या मोबाइलवर बातमी आली की कार्टूनमधल्या छोटा भीमचे लग्न राजकन्या इंदुमतीशी लागले, त्याला लाडू देणारी चुटकी तशीच राहिली, आणि देशभरातली मोठमोठी माणसे चुटकीला न्याय द्या म्हणून मागणी करत आहेत. नातीने ते ऐकले आणि वरणभाताचे ताट बाजूला सारले. माझ्या मशीनजवळ येऊन म्हणाली, "आबाजी, लाडू चुटकीनं देल्ले, न लगन इंदुमतीसंगं काऊन?"

मी पायडल थांबवले. हा प्रश्न मी आधी ऐकला होता. शब्द वेगळे होते, पण प्रश्न हाच होता.

छोटा भीम ही मालिका २००८ पासून पोगो वाहिनीवर लागते. ती बनवणारी ग्रीन गोल्ड ही कंपनी हैदराबादची, म्हणजे प्राणहिता ओलांडली की लागणाऱ्या तेलंगणातली. लोकांची मागणी एवढी वाढली की कंपनीला जाहीर करावे लागले: लग्नाची बातमी खोटी आहे, भीम, चुटकी आणि इंदुमती अजून लहान मुले आहेत, त्यांना लहानच राहू द्या. कंपनीचे म्हणणे मला पटले. ते मी नातीला समजावून सांगितले. ती म्हणाली, बरं. पण ताटाकडे गेली नाही. तिला लग्न बघायचे नव्हतेच. लाडू कोणी दिले, संकटात सोबत कोण धावले, याचा हिशेब कोणीतरी चुकीचा लावला, हे तिला खुपत होते.

आलापल्लीच्या चौकातून अहेरी, सिरोंचा, भामरागड आणि आष्टीवरून चंद्रपूर अशा वाटा फुटतात. त्या चौकापासून हाकेच्या अंतरावर माझे शिलाईचे दुकान आहे. वनरक्षकांचे खाकी गणवेश, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या, बायकांची पोलकी, हे माझे रोजचे काम. पण दिवाळी झाली की बरीच वर्षे मी दुकान भावाच्या हवाली करून वडशाची गाडी धरायचो. झाडीपट्टीच्या नाटकांत मी प्रॉम्प्टर होतो. सोबत कपडेपटही सांभाळायचो. फाटलेले शिवायचे, आणि अंधारात बसून विसरलेले वाक्य पुरवायचे. प्रॉम्प्टरला नाटक दोन्ही बाजूंनी ऐकू येते. एका कानात वहीतली ओळ असते, दुसऱ्या कानात मैदानातली कुजबुज. नट प्रकाशात असतो, त्याला समोर काळोख दिसतो. मला पुढच्या रांगेतल्या आज्यांचे चेहरे दिसायचे.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. आमचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, पण झाडीला जिल्ह्यांच्या सीमा कधी लागल्या नाहीत. धान कापून झाले, भाऊबीज झाली, की गावोगावी मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. वर मोकळे आभाळ, खाली तणस किंवा सतरंजी, अंगावर घोंगडी. लेकीजावई, मामेकुळे, आतेकुळे सगळे पाहुणे त्या दिवशी गावात असतात, आणि याच पाहुणचारात सोयरिकी जुळतात. मुलगी पाहायला आलेले लोक रात्री तिच्याच घरच्यांसोबत नाटकाला बसतात. म्हणजे एकाच चोवीस तासांत गाव तीन प्रकारच्या जोड्या पारखते: पटावरची बैलजोडी, पडद्यावरची नायक-नायिका, आणि घरातल्या पोरापोरीची सोयरीक. माझे म्हणणे एवढेच आहे की तिन्ही ठिकाणी डोळा एकच असतो.

पटावर जोडी कशी पारखतात ते मला मामाने शिकवले. तो जातिवंत पटशौकीन. एकदा पटावर मी एका पांढऱ्या बैलाकडे बोट दाखवून म्हणालो, हा जिंकणार. मामा म्हणाला, "बैल नको पाहू, जू पाहा." पाहिले. पांढरा बैल मान पुढे काढून झेपावत होता, त्याच्या बाजूचा अर्धे पाऊल मागे, आणि जू तिरके झाले होते. धुरकऱ्याने, म्हणजे जोडी हाकणाऱ्याने, जीव तोडला तरी जोडी वाकडी गेली. जिंकली ती दोन साध्या तांबड्या बैलांची जोडी. दोघांत एकही देखणा नव्हता, पण जू शेवटपर्यंत सरळ राहिले. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली आणि पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत दिवसाचा पट गेला तरी रात्रीचे नाटक राहिले. पण मंडईत आलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर काय करावे ते कळायचे नाही.

रंगमंचावरची जोडी झाडीत फार पूर्वीपासून आहे. पण पुष्कळ काळ त्या जोडीत दोन्ही पुरुषच असत. दंडार, खडी गंमत, राधा हे आमचे जुने प्रकार. गावचाच शेतकरी लुगडे नेसून नाचायचा आणि राधा व्हायचा. माझ्या वडिलांनी अशा स्त्रीपार्टींची पोलकी शिवली, आणि मी पोरवयात काजे केली. एकाचे माप घेतानाचे मला अजून आठवते. दंड माझ्या मांडीएवढा, तळहाताला नांगराचे घट्टे. बांगड्या हातात चढेनात म्हणून वडिलांनी खोबरेल लावले. मला वाटले, याला कोण बाई म्हणेल? रात्री तो उभा राहिला तेव्हा पहिली दोन मिनिटे लोक हसले. मग त्याने पदर खोचला, वाकून ओळीने रोवणीचा अभिनय केला, आणि कंबर धरून सरळ होताना एक हुंकार दिला. समोरच्या बायका गप्प झाल्या. त्या हुंकारात त्यांची कंबर होती. त्यानंतर त्या रात्री त्याच्यासोबत जो कोणी उभा राहिला त्याला लोक विचारत होते, तू हिच्या लायक आहेस का? त्या घट्ट्यांकडे कोणाचेही लक्ष उरले नव्हते.

पुढे नाटके आली, कंपन्या आल्या, नागपुराकडच्या नट्या आल्या. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचे गाव या व्यवसायाचे केंद्र बनले. तिथे कंपन्यांची कार्यालये असतात. गावोगावच्या मंडळांची माणसे येतात, तारीख ठरवतात, इसार देतात. बोलणी चालू असताना मी कोपऱ्यात काज-बटण करत बसलेलो असायचो. नाटकाचे नाव कधी पहिल्यांदा विचारले जात नसे. पहिला प्रश्न, "जोडी कोणती देता जी?" हिरो एकटा कितीही मोठा असो, त्याच्यासमोर कोण, हे कळल्याशिवाय व्यवहार पुढे सरकायचा नाही. एखाद्या जोडीला दोन हंगाम एकत्र पाहिलेले असले की मंडळाचे लोक तीच मागायचे, आणि त्यातला एक दुसऱ्या कंपनीत गेला की असे हळहळायचे जणू घरचे मोडले.

आता १९८७ च्या हिवाळ्यातली गोष्ट. नाटकाचे आणि गावाचे नाव सांगत नाही. सामाजिक नाटक होते. मालगुजाराची मुलगी, शहरातून शिकून आलेला डॉक्टर, आणि मुलीच्या बापाकडचा सालगडी. लेखकाने जोडी डॉक्टरची आणि मुलीची लिहिली होती. द्वंद्वगीते त्यांची, रंगीत दिवे त्यांच्यावर, माझ्या हातचा नवा कोटही डॉक्टरच्याच अंगावर. सालगड्याला पूर्ण नाटकात चौदा वाक्ये. ती सगळी मला पाठ होती.

पहिल्या अंकात एक छोटा प्रवेश होता. मागे वाड्याचा देखावा लावायला वेळ मिळावा म्हणून पुढच्या पडद्यापाशी दोघांना उभे केले होते. सालगडी लंगडत येतो, मुलगी विचारते काय झाले, तो म्हणतो काटा रुतला, आणि दोघे जातात. एवढेच. त्या रात्री मागे एक चौकट अडकली. देखावा लागेना. कंपनीच्या मालकाने विंगेतून हातवारे केले, वेळ काढा. माझ्या वहीत पुढे काही लिहिलेले नव्हते. नटीने माझ्याकडे पाहिले. माझ्या कॉलरला नेहमी एक सुई टोचलेली असते, शिंप्याची सवय. मी ती काढून तिच्याकडे सरकवली. तिने सालगड्याला खाली बसवले, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि काटा काढू लागली. एक शब्द नाही. पेटीवाल्याला काही सुचेना, तोही थांबला. तिने सुई दिव्याकडे धरली, टोक पाहिले, पुन्हा वाकली. सालगड्याने तोंड दुसरीकडे फिरवले आणि मूठ आवळली. मग तिने बोटावर थुंकी लावून टाचेला चोळली, आमच्याकडे आया चोळतात तशी. खोटा काटा, खोटे रक्त, पण मैदानातल्या हजारभर माणसांचा श्वास मला ऐकू येत होता. चौकट लागली, पडदा सरकला, नाटक पुढे गेले.

तिसऱ्या अंकात, पहाटे चारच्या सुमाराला, तिने डॉक्टरच्या गळ्यात माळ घातली. इथे टाळ्या पडायच्या. पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घोंगडीतून हात काढून म्हणाली, "पोरगी चुकली जी!" मागून कोणीतरी ओरडले, "काटा कोनाचा काहाडला व्हता?" मग बराच वेळ गलबला. लोक रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. सालगडी पडद्याच्या कडेला उभा होता आणि सगळे मैदान त्याच्याकडे पाहत होते. त्या नटाला काय करावे कळेना, त्याने खाली मान घातली. तो त्याचा त्या रात्रीचा सर्वांत चांगला अभिनय ठरला.

दुसऱ्या गावी जाताना ट्रकमध्ये मालक माझ्याजवळ येऊन बसला. कंदील धरायला सांगितला, आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर नवा शेवट लिहिला. डॉक्टर स्वतःच माघार घेतो आणि माळ सालगड्याच्या हाती देतो. सुईचा प्रवेश तसाच ठेवला. तो हंगामभर चालला, आणि मला रोज रात्री सुई न विसरण्याची ताकीद होती.

त्या नाटकात मुलगी आणि सालगडी यांच्यात प्रेमाचा एकही शब्द नव्हता. डॉक्टरच्या वाट्याला तीन गाणी होती. तरीही जू सरळ कुठे आहे ते लोकांनी पाहिले. पुढे वीसेक हंगाम मी हे पारखत राहिलो, आणि अनुभव फारसा बदलला नाही. लेखक ज्यांना शब्दांनी बांधतो त्यांच्यावर लोक विश्वास ठेवतीलच असे नाही. एकजण दुसऱ्याचे ओझे उचलताना दिसला की मात्र लोक मनातल्या मनात गाठ मारून टाकतात, आणि मग ती सोडवणे लेखकाच्या हातात राहत नाही.

मला आधी वाटायचे हा आमच्या खेड्यातल्या लोकांचा भोळेपणा. माझ्याकडे सदरे शिवायला येणाऱ्या एका गुरुजींनी तो समज मोडला. ते जुन्या कथा सांगत बसायचे आणि मी शिवत ऐकायचो. विदर्भाच्या मुली हा त्यांचा आवडता विषय. रुक्मिणी कौंडिण्यपूरची. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देणार होता, तिने स्वतः कृष्णाला निरोप धाडला. मराठीत तेराव्या शतकापासून कवी हे स्वयंवर पुन्हा पुन्हा लिहीत आले, नरेंद्राने लिहिले, पुढे एकनाथांनी लिहिले. गोष्ट सर्वांना ठाऊक असताना लोक पुन्हा का ऐकतात? ती जोडी जुळताना पुन्हा पाहायची असते म्हणून.

पण माझ्या मनात रुतली ती दमयंती. ती विदर्भाच्या राजाची मुलगी, आणि त्या राजाचे नाव भीम. स्वयंवरात चार देव नळाचेच रूप घेऊन रांगेत बसले. पाच नळ, सगळे सारखे. तिने ओळखले कसे? देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातल्या माळा ताज्या, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. एकाच्या अंगावर घाम होता, धूळ होती, माळ कोमेजलेली होती, सावली होती. तिने त्याला वरले. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मी कात्री खाली ठेवली. महाभारत रचणाऱ्याने आमच्या पुढच्या रांगेतल्या म्हातारीचाच डोळा दमयंतीला दिला होता. कोट घातलेला डॉक्टर बिनसावलीचा होता.

आणि नाटकाचा शेवट बदलायचा म्हणाल, तर तेही झाडीत नवे नाही. भवभूती हा आठव्या शतकातला संस्कृत नाटककार स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजचे पदमपूर असे दाखवले. आमगाव आता गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे भवभूती आमच्या झाडीचाच. वाल्मीकींच्या कथेत सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिताना हे बदलले. त्याच्या सातव्या अंकात नाटकातच एक नाटक होते, राम ते प्रेक्षक होऊन पाहतो, आणि शेवटी सीता त्याला परत मिळते. बाराशे वर्षांपूर्वी या मातीतल्या नाटककाराने रामायणाची जोडी जुळवून दिली. त्याच्याही पुढच्या रांगेत कोणी म्हातारी होती का, हा विचार माझ्या मनात येतो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये आमच्या भागातले सागवान गेले, तेव्हा गावात मिरवणुका निघाल्या. मला त्या दिवशी भवभूतीच आठवत राहिला.

शहरातल्या प्रेक्षकांचेही हेच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा प्रयोग 'संयुक्त मानापमान' म्हणून झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी, पण लोकांना ते एका मंचावर हवे होते. तीन महिन्यांत केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीची आठवण अजून निघते. गाण्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला खाडिलकरांच्या कथानकातली एक गोष्ट मोलाची वाटते: श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला आधी नाकारते, मग वनमाला म्हणून वेष पालटून छावणीत जाते आणि त्याला काम करताना पाहते. तेव्हाच तिचे मन बदलते.

हे सगळे नवरा-बायकोच्या जोडीपुरतेच आहे असे मात्र समजू नका. झाडीत सर्वांत जास्त रडू येते ते बहीण-भावाच्या जोडीला. हंगामच भाऊबीज झाल्यावर सुरू होतो, माहेरी आलेल्या लेकी समोर बसलेल्या असतात. नाटकात भाऊ बहिणीच्या दारी फाटक्या धोतराने आला आणि तिने सासूला चोरून त्याच्या फडक्यात भाकर बांधली, की मला पुढची दोन वाक्ये प्रॉम्प्ट करता यायची नाहीत, आवाजच पोहोचायचा नाही. विनोदी नट आणि प्रेक्षक यांची जोडी हीही वेगळी चीज. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हिरो-हिरोइनच्या जोड्या दर काही वर्षांनी पालटल्या, पण लोकांनी त्यांच्यासारखा विनोदी नट पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या माणसासारखा जपला. लोक हसवणाऱ्याला विसरत नाहीत, कारण तो रात्रभर जागे राहायला मदत करतो. तेही एक ओझे उचलणेच आहे.

म्हणून २०२० मध्ये जे लोक एका कार्टूनसाठी एवढे तळमळले त्यांना मी खुळे म्हणणार नाही. चुटकीने वर्षानुवर्षे लाडू दिले, तेच खाऊन भीम लढला, आणि पडद्यापुढच्या पोरांनी ते रोज पाहिले. राजकन्येचा दोष काहीच नाही. इंदुमती हे नावही विदर्भाचेच आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'तल्या इंदुमतीने राजांची रांग ओलांडून अजाला निवडले. हे मी नातीला त्या दिवशी सांगितले, दमयंतीचे पाच नळही सांगितले. तिने विचारले, "मंग भीमाले घाम येते का?" मी म्हणालो, येत असेल, लढतो तर. "न चुटकीले?" लाडू वळताना चुलीपाशी येणारच. तेवढ्यावर ती ताटाकडे गेली.

गेल्या हिवाळ्यात तिला नागेपल्लीकडे नाटकाला घेऊन गेलो. आता ती बारा वर्षांची आहे. मी हल्ली प्रॉम्प्ट करत नाही, डोळ्यांना वही दिसत नाही, म्हणून आम्ही दोघे पुढच्या रांगेत आज्यांमध्ये बसलो. पहिल्या अंकाच्या मध्येच ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आबाजी, हे लगन नाही लागत." मी विचारले, कशावरून? मंचावर हिरो गात होता आणि नायिका त्याच्याभोवती फिरत होती. नातीने बोट दाखवले ते मागे, कोपऱ्यात. तिथे एक पोरगा, ज्याला अजून एकही वाक्य मिळाले नव्हते, नायिकेने खाली ठेवलेली पाण्याची घागर कोणी सांगितल्याशिवाय उचलत होता.